अंगठ्यापुरता आवाज

"काकू, आता बंद करून चालू करा अन् डिलीट दाबत ऱ्हावा. एकदा दाबून सोडू नका. सारखं दाबायचं."

"डिलीट कंचं रे आनंदा?"

"बाणाची चार बटनं हायत न्हवं? त्येच्या वर सहा बटनं. त्यातल्या खालच्या ओळीतलं डावीकडचं."

केवळाबाईनं फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून धरला आणि बोटानं मोजत ते बटण शोधलं. तोवर पडदा पुन्हा निळा चमकून विझला आणि कॉम्प्युटरचा डबा आपला आपणच परत सुरू झाला. सकाळपासून हेच चाललं होतं. घड्याळात सव्वानऊ होऊन गेले होते. अकराला धाकटा दीर श्रीमंत दवाखान्यात न्यायला जीप घेऊन येणार होता, आणि त्याच्या आत हा कॉम्प्युटर बोलता व्हायला हवा होता.

मागं खाटेवर तिचा नवरा निवृत्ती उशांना टेकून बसवलेला होता. त्याचे डोळे उघडे होते, श्वास तोकडा चालला होता. हात, पाय, मान, जीभ, सगळं तीन वर्षांत एकेक करून गेलं. नसांचा आजार, औषध नाही, असं लातूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आता डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलत होता.

किल्लारीच्या रस्त्यावर तीस वर्षं त्याचं मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेली मोटार उघडून तिच्यात तांब्याची तार नव्यानं भरायची, असलं काम. केवळाबाई शेजारी बसून फेरे मोजायची. मूलबाळ नव्हतं, दुपारचा डबा दोघांचा तिथंच व्हायचा. फोनवरचा हा आनंदराज तिथंच काम शिकला आणि पुढं नांदेडला जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला. उस्तादाची जीभ गेल्याचं कळलं तेव्हा तो एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला. त्याच्या पाठीमागं वायर लावून एक बटण उस्तादाच्या अंगठ्याखाली बांधलं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी. एकेक ओळ पिवळी होत खाली सरकायची. हवी ती आली की अंगठा दाबायचा, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून पिवळी व्हायची. एका शब्दाला तीन-चार मिनिटं जायची. पण नवरा-बायकोचं बोलणं परत सुरू झालं होतं.

परवा डॉक्टर म्हणाले होते, श्वास कमी पडतोय. गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागेल, मग पुढं कायम मशीनवर. बसवायची तर आत्ताच, नाहीतर ऐनवेळी काही करता येणार नाही. आणि पेशंटला विचारा, त्यांचं डोकं शाबूत आहे.

काल संध्याकाळी विचारलं. निवृत्तीच्या अंगठ्यानं 'नळी' एवढं लिहिलं आणि लाईट गेली. परत आली तेव्हा कॉम्प्युटरनं काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं. केवळाबाईनं एक बटण दाबलं आणि तेव्हापासून हा निळा फेरा सुरू झाला.

"दादा, नळी बसवायची न्हवं?" असं श्रीमंतनं मग तोंडीच विचारलं होतं. निवृत्तीनं डोळे मिटले. "बगा, हाव म्हनला," असं म्हणून श्रीमंत जीप ठरवायला गेला. केवळाबाईला ते मिटलेले डोळे दमल्यासारखे वाटले होते. हो की नाही, कुणी ठरवायचं?

"काकू, आला का पडदा?"

या वेळी निळं काही चमकलं नाही. करड्या रंगाचा पडदा, त्यावर इंग्रजी अक्षरांचे ढीग.

"दुसरंच कायतरी आलंय रे."

"बराबर आलंय! आतला सेल मेलाय, म्हनून लाईट गेली की त्यो केलेली सेटिंग इसरून जातोय. माझ्याकडं तसलाच डबा हाय, मी बी हितं त्योच पडदा उघडून बसलोय. मी दाबतो तसं तुमी दाबा. उजवा बाण, एकदा. खाली बाण, दोनदा. मोठं बटन, एंटर."

"दाबलं."

"आता खाली चार. एंटर. बारकी चौकट आली? त्यात काय काय लिवलंय?"

ती चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला मोटारीच्या पाटीवरची तेवढी ठाऊक. "वरल्या ओळीत नुसती उभी काठी हाय, मग पोट आलेलं एक अक्षर, मग तीन दात्यांचा कंगवा."

"तीच! तीच पायजे. तिच्यावर जाऊन एंटर."

मग मागं यायचं एक बटण, खाली तीन, एंटर, पुन्हा एंटर. "हे उस्तादाच्या बटनाचं हाय," आनंदराज सांगत होता. "मागं जिथं वायर लावलीय न्हवं, ती जागाच बंद पडली व्हती. आता चालू करून राहिलो आपुन. वरच्या शब्दावर एंटर. आता वरल्या ओळीतलं यफ दहा. आन् एंटर."

कॉम्प्युटर विझला, सुरू झाला, आणि काही वेळानं निळा न होता सरळ आत शिरला. सेल मेल्यामुळं तारीखही मागं गेली होती, कोपऱ्यात २००९ साल दिसत होतं. त्या साली निवृत्ती खांद्यावर मोटार टाकून बांधाबांधानं चालत यायचा. केवळाबाईनं तिकडं बघायचं टाळलं. अक्षरांच्या ओळी उमटल्या. पिवळी पट्टी सरकू लागली.

"अवो, दाबून बगा," ती वळून म्हणाली.

अंगठा हलला. पट्टी थांबली. केवळाबाईनं स्टूल पुढं ओढलं, आणि तेवढ्यात वरचा बल्ब मिणमिणला, पडदा विझला. दोन सेकंदांत लाईट आली. काळा पडदा, इंग्रजी प्रश्न.

"आनंदा! गेलं रे, सगळं गेलं!"

फोनमधून उत्तर आलं नाही. रेंज गेली होती. तिनं तीनदा लावून पाहिला. खिडकीपाशी धरला, दारात धरला. दहा वाजून वीस मिनिटं. शेजारी सगळे चाकूरला लग्नाला गेलेले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिला वाटलं, होऊ दे जे व्हायचं ते. श्रीमंत नेईल, डॉक्टर ठरवतील, आपण पिशवी धरून मागं बसायचं.

मग तिनं निवृत्तीकडं पाहिलं. तो कॉम्प्युटरकडं बघत नव्हता. तिच्याकडं बघत होता.

ती परत स्टुलावर बसली, डबा बंद करून चालू केला आणि करडा पडदा येईतो डिलीट दाबत राहिली. "उजवीकडं एक," ती मोठ्यानं म्हणू लागली, दुकानात फेरे मोजताना म्हणायची तसं. "खाली दोन. एंटर. खाली चार. एंटर." उभी काठी, पोट, कंगवा. मागं. पुढच्या आकड्यात ती चुकली, भलतीच चौकट उघडली. विझवला, डिलीट दाबत राहिली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "खाली तीन. एंटर. एंटर. वरचा शब्द." यफ दहा. शेवटचं एंटर दाबताना तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

उघडले तेव्हा पिवळी पट्टी सरकत होती.

"बोला आता. घाई करू नका."

न. ळ. मग वेलांटी. पुढं बराच वेळ अंगठा हलला नाही. पट्टी क-च्या ओळीवरून गेली. श्रीमंतला हवं ते 'घाला' तिथूनच सुरू झालं असतं. च, ट. त-च्या ओळीवर थांबली. त, थ, द, ध. केवळाबाईला पुढचं अक्षर पडद्याआधी कळलं.

*नळी नको. घरीच.*

दहा मिनिटं लागली असतील. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. कळफलकावरचं एकच बटण दाबलं की लिहिलेलं सगळं पुसलं जातं, हे तिला ठाऊक होतं. आणि पाठीमागची वायर नुसती उपसली असती तरी पुन्हा कुणी काही विचारलं नसतं. नळी बसली असती. तो राहिला असता, वर्ष, दोन वर्षं, कोण जाणे. सकाळपासून त्या डब्याशी ती झगडली, तेव्हा मनाच्या तळाशी कुठंतरी तिला 'घाला' हेच वाचायचं होतं. हे तिला आत्ता, या क्षणी कळलं. तिचा हात कळफलकावर गेला आणि तिथंच राहिला.

निवृत्ती बघत होता. त्यानं डोळे मिटले नाहीत.

तिनं हात मागं घेतला. "श्रीमंत भावजी," तिनं हाक मारली, "आत या. वाचा."

श्रीमंत चपला घालूनच आत आला. एकदा वाचलं, परत वाचलं. "वैनी, तुमी दाबलं का हे?"

"मला ह्याच्यावर ल्ह्याया येतंय का? इचारा त्यास्नी. तुमच्या म्होरं ल्ह्यतील."

श्रीमंत खाटेपाशी वाकला. त्याचा आवाज फाटला होता. "दादा, उद्या दम कोंडला तर? रातीचं घरात काय करावं आमी? कोन हाय हितं?"

पट्टी सरकू लागली. तिघं बघत राहिली. जीपवाला दोनदा हॉर्न वाजवून गप्प झाला. पहिला शब्द पुरा व्हायलाच पाच मिनिटं गेली.

*केवळा आहे.*

श्रीमंतनं खांद्यावरचा गमछा तोंडाला लावला आणि भिंतीकडं वळला. केवळाबाई उठली, पदर सारखा करून बाहेर गेली.

"जायाचं न्हाई आमाला," तिनं जीपवाल्याला सांगितलं. "हेलपाटा झाला तुमाला. च्या घेऊनच जावा."

तिनं चहा केला, दोघांना दिला. स्वतःचा कप तसाच राहिला. श्रीमंत जीपबरोबर निघून गेल्यावर घर एकदम शांत झालं. ती चुलीपाशी ओट्याला टेकून उभी राहिली. आतून कॉम्प्युटरची घरघर ऐकू येत होती, आणि थोड्या थोड्या वेळानं बटणाचा बारीक आवाज. कट. मग बरंच थांबून पुन्हा, कट.

ती आत गेली तेव्हा नव्या ओळीवर एक शब्द पुरा होत आला होता.

*पंखा*

"कमी करू?" तिनं विचारलं. पट्टी सरकत ह-च्या ओळीशी पोचली, अंगठा हलला. 'हो' उमटायची वाट न बघता ती पुढं झाली आणि पंख्याचं बटण दोन घरं मागं फिरवून त्याच्या अंगावरची चादर छातीपर्यंत ओढली.