शेवटच्या रांगेतला बेस

माझी बायको मृणालिनी गेली त्या दिवशी मी भाईंदरच्या गोडदेवमधल्या एका हॉलमध्ये बेस गिटार सुरात लावत होतो. शनिवार होता, सकाळचे साडेअकरा. एका महिला मंडळाचा वर्धापनदिन दुपारी होता. फोन गिटारच्या कव्हरच्या खिशात होता आणि कव्हर स्टेजच्या मागे. साउंडचेक आटपून पाणी प्यायला गेलो तेव्हा शेजारच्या विमलाबाईंचे अकरा मिस्ड कॉल दिसले. फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, भावजी, तुम्ही बसलाय का? मी उभाच होतो.

सकाळी मी निघताना ती म्हणाली होती की डोकं जड झालंय, तुम्ही व्हा पुढे, मी कार्यक्रमापर्यंत येते. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. बिल्डिंगमधल्या दोघांनी तिला रिक्षात घालून नेलं होतं, पण तोपर्यंत काही उरलं नव्हतं. माझा अँप, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा खोका, हॉलवरच राहिला. तीन दिवसांनी जितेंद्रने तो घरी आणून ठेवला आणि चहा न घेता गेला.

जितेंद्र आमच्या बँडचा मालक. कीबोर्ड वाजवतो, चाळिशीचा आहे, मला काका म्हणतो. मी अठ्ठावन्नचा. दिवसा भाईंदर पूर्वेला भांड्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो, आता तेही सुटलं. बेस मात्र बावीस वर्षं वाजवतोय. हळद, बारसं, सोसायटीचे गणपती, नवरात्र. मोठं नाव नाही, पण मीरा रोडपासून उत्तनपर्यंत आम्हाला ओळखणारे लोक आहेत.

बेसचं एक आहे. वाजवणाऱ्याला तो नीट ऐकूच येत नाही. अँप पायाशी असतो, स्वर कानाच्या खालून जातो आणि पुढे जाऊन पसरतो. स्टेजवर पातळ वाटतो, तोच शेवटच्या रांगेत जाऊन घुमतो. भिंत असली की आणखी साठतो. म्हणून कोणीतरी मागे उभं राहून सांगावं लागतं. मोठ्या बँडकडे त्यासाठी पगारी माणूस असतो. आमच्याकडे मृणाल होती.

सुरुवातीला ती हात हलवून सांगायची. एकदा एका लग्नात तिने हात वर केला आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई आपल्याला बोलावताहेत असं समजून उठून तिच्याकडे गेल्या. मग दोघींनी अर्धा तास ओळख काढली आणि मी तेवढा वेळ अंदाजाने वाजवत राहिलो. त्यानंतर आम्ही पर्सची खूण ठरवली. पर्स खांद्याला असली तर ठीक. हातात खाली लोंबत असली तर कमी कर. दोन्ही हातांनी पोटाशी धरली तर वाढव. मी वाजवताना मान वर करून मागे बघायचो, पर्स कुठे आहे ते पाहायचो आणि बोटाने बटण फिरवायचो. लोकांना वाटायचं हरिश्चंद्र तंद्रीत आहे.

मी सगळ्यांना सांगायचो की आमच्या हिचा कान फार तयार आहे. ती म्हणायची, मला काय कळतं त्यातलं. मला वाटायचं विनयाने म्हणते.

ती गेल्यावर दीड महिना मी वाजवलं नाही. मुलगा निकेत पुण्याहून आला होता, तो म्हणाला, बाबा, आता ते ओझं उचलणं बंद करा. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. अँप पंचवीस किलोचा आहे आणि रिक्षात चढवताना कमरेत कळ येते. पण घरात बसून मी काय करणार होतो? दुपारी दोनपर्यंत माझी सगळी कामं संपायची. मग मी जितेंद्रला फोन केला.

पहिला कार्यक्रम जेसल पार्कला एका सोसायटीत होता. संध्याकाळी सहाला, पार्किंगमध्ये. मी वाजवायला लागलो आणि मला स्वतःचा आवाज येईना. मान वर केली. मागे खांब होते, स्कूटर होत्या आणि ओळखीचं कोणी नव्हतं. मी बटण थोडं वाढवलं. दोन गाण्यांनी पुन्हा वाढवलं. ही चूक सगळे बेसवाले करतात आणि मी बावीस वर्षांत केली नव्हती, कारण मला करायची वेळच आली नव्हती. मध्यंतरात सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि म्हणाले, पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या थरथरतायत, आतली भांडी वाजतायत. गायिका संपदा म्हणाली की तिचं गाणं मागे कोणाला कळलंच नाही. ती रागाने बोलली नाही, पण तिचे डोळे भरले होते. त्या दिवशी तिची सासू पहिल्यांदा ऐकायला आली होती.

सामान भरताना जितेंद्र माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

“काका, मी डाव्या हाताने कीबोर्डवर बेस काढू शकतो. आजकाल सगळे तसंच करतात. तुम्हाला पण त्रास नाही.”

मी विचारलं, म्हणजे मला नको म्हणतोस का? तो म्हणाला की चौक गावातल्या जानूशेठकडची हळद बारा तारखेला आहे, त्यांनी जुनाच बँड सांगितलाय, तेवढं वाजवा, मग बघू. मग बघू याचा अर्थ मला कळला. चौकला पुन्हा घुमलं तर माझी खुर्ची गेली. खरं तर बेसवाल्याला खुर्चीही नसते, उभंच राहायचं असतं.

मी विचार केला की मागचं ऐकायचं असेल तर मागे जायला पाहिजे. आपल्याकडे सहा मीटरची केबल असते, त्यात माणूस स्टेजवरून उतरूही शकत नाही. बाजारातून वीस मीटर केबल आणली आणि दोन्ही टोकांना जॅक डाग देऊन बसवले. विमलाबाई काहीतरी द्यायला आल्या होत्या, त्यांनी टेबलावर पसरलेली केबल पाहिली आणि काही न विचारता भाजीचं भांडं गॅसजवळ ठेवून गेल्या.

बारा तारखेला दुपारी मी चौकला तीनलाच पोचलो. मांडव समुद्राच्या बाजूने उघडा होता आणि मागे जानूच्या घराची भिंत. त्या भिंतीला लागून शेवटची रांग. साउंडवाला दिपेश वायरी जोडत होता. त्याने माझी केबल पाहिली.

“चाचा, इतना लंबा? मछली पकडने जा रहे हो क्या?”

मी म्हटलं, हां, एक ही पकडनी है. तो हसला आणि त्याने माझा अँप जोडून दिला.

मी बेस गळ्यात घेऊन मांडवाच्या टोकापर्यंत गेलो. तिथे उभं राहून सगळ्यात जाड तारेवरचा खालचा ‘ई’ स्वर वाजवला. भिंतीपाशी तो ढगासारखा जमला. मी पुढे येऊन अँपवरचा खालचा स्वर कापला, परत मागे गेलो, परत पुढे. असं सात-आठ वेळा केलं. ऑक्टोपॅड वाजवणारा रोहित म्हणाला, काका, आज तुम्ही वाजवणार की शतपावली घालणार? शेवटी मला पाहिजे तसा आवाज लागला आणि मी खुश झालो. इतकी साधी गोष्ट, बावीस वर्षं आपण का केली नाही, असंही वाटलं.

पाचला हळद सुरू झाली. मांडव भरला. तिसऱ्या गाण्याला माझ्या लक्षात आलं की आवाज बदललाय. मांडव रिकामा होता तेव्हा मी लावला होता. आता तीनशे माणसं होती, लहान मुलं होती, वर पंखे फिरत होते. गोदाम रिकामं असताना आणि माल भरल्यावर आवाज वेगळा येतो, हे मला स्टोअरमध्ये रोज जाणवायचं, तरी मी ते विसरलो. मला स्टेजवर काहीच कळेना. हात बटणाकडे गेला. जितेंद्रने कीबोर्डवरून माझ्याकडे पाहिलं.

मी बटण सोडलं आणि वाजवत वाजवत खाली उतरलो.

जितेंद्रचा चेहरा मी पाहिला नाही. केबल मागे ओढत खुर्च्यांच्या कडेने चालत राहिलो. एक पोरगी केबलवरून उडी मारून गेली. लोकांना वाटलं हा नवीन प्रकार आहे, दोघांनी मोबाइल काढले. मागे पोचलो तर वेगळीच अडचण. रोहितचा ठोका माझ्यापर्यंत उशिरा येत होता. वीस मीटरवरून आवाजाला यायला वेळ लागतो. कानावर विसंबून वाजवलं असतं तर गाणं मागे पडलं असतं. म्हणून मी ऐकणं सोडलं आणि त्याच्या हातांकडे बघत वाजवायला लागलो. काठी खाली गेली की बोट.

शेवटच्या रांगेत म्हाताऱ्या बसल्या होत्या. त्यांतल्या शकूबाय जानूच्या आत्या. नव्वदीच्या आसपास असतील. या घरातलं आमचं हे चौथं कार्य, त्यामुळे त्या मला ओळखत होत्या. गाणं संपलं. संपदा नवरदेवाच्या मामांचं नाव घेऊन काहीतरी बोलत होती. शकूबायनी माझा हात धरून मला खाली वाकवलं आणि विचारलं की तुझी बाय कुठं आहे, दिसली नाही.

मी सांगितलं. त्यांनी हात सोडला नाही. मग म्हणाल्या, “माझे बाजूलाच बसाची ती. दर टायमाला.”

मी म्हटलं, ती इथून मला खुणा करायची. तिचा कान चांगला होता.

“कान कसला?” शकूबाय म्हणाल्या. “ती गाणा ऐकतच न्हवती. आमालाच इचाराची. आजी, छातीत धडधडतंय का? आजी, गाण्यातला बोल समजतंय का? आमी सांगू तशी ती पिशवी हलवाची. आमी तिला हसाचो.”

शेजारच्या म्हातारीने मान हलवली. ती म्हणाली, मागच्या खेपेला माझी नात तान्ही होती, ती झोपेना म्हणून तुमच्या बाईने पिशवी तासभर खालीच धरली होती.

मला ते कार्य आठवलं. त्या संध्याकाळी पर्स सतत खाली होती आणि मी घरी जाताना रिक्षात तिच्यावर चिडलो होतो की आज तुझ्या कानाला झालंय काय, मला वाजवूच दिलं नाहीस. तिने गिटार गुडघ्यांमध्ये धरली होती. ती म्हणाली, असेल, मला काय कळतं त्यातलं. तिला खरंच कळत नव्हतं. ती विचारत होती. मी एकदाही विचारलं नव्हतं की तू कसं ठरवतेस.

पुढचं गाणं सुरू झालं. मी शकूबायच्या खुर्चीशेजारीच उभा राहिलो आणि चार ओळी वाजवून वाकलो.

“आजी, बोल समजतात का?”

“न्हाय. नुसता ढम ढम हाय. नवऱ्याचा नाव घेतला का बैलाचा, काय समजला न्हाय.”

मी गिटारवरचं बटण पाव फिरवलं. त्यांनी कान दिला. मान हलवली, अजून. मी अजून थोडं फिरवलं. शेजारची म्हातारी म्हणाली, आता बोल येतात. शकूबाय म्हणाल्या की आता बोल येतात, पण गंमत गेली. मग मी केसभर वाढवलं. त्यांचा पाय खुर्चीखाली हलायला लागला होता, तो मी पाहिला आणि बटणाला परत हात लावला नाही. उरलेलं गाणं त्यांच्या पायाकडे आणि रोहितच्या हातांकडे बघत वाजवलं.

मग मी स्टेजवर गेलो. दर तीन-चार गाण्यांनी खाली उतरून परत मागे आलो. कधी शकूबायना विचारलं, कधी दाराशी उभ्या असलेल्या बायकांना. एकीने विचारलं, तुम्हाला कुणी नेमलंय का हे विचारायला? मी हो म्हटलं.

अंधार पडायच्या सुमाराला आमचं काम संपलं आणि गावातल्यांचा बेंजो बँड सुरू झाला. सामान भरताना मी जितेंद्रची वाट बघत होतो. तो वायरी गुंडाळत होता. संपदा येऊन म्हणाली की आज मागच्या बायका माझ्याबरोबर गात होत्या, काका, तुम्ही पाहिलंत का. मी म्हटलं, पाहिलं, मी तिथेच होतो.

जितेंद्रने माझा अँप स्वतः उचलून टेम्पोत ठेवला. कीबोर्डचं, डाव्या हाताचं त्याने काही काढलं नाही. एवढंच म्हणाला, “काका, ती केबल कडेने चिकटपट्टी लावून घेत जा. एखादा म्हातारा अडकून पडेल. आणि रविवारी पाचला या, मीरा रोडला हॉल आहे.”

घरी आलो. विमलाबाईंचं भांडं घासून ठेवलं होतं, ते परत दिलं. त्यांनी कसं झालं विचारलं, मी बरं झालं म्हणालो. रविवारी मागे उभं राहून मला सांगाल का, असं त्यांना विचारावं असं मनात आलं, पण त्यांचे गुडघे दुखतात आणि दोन तास उभं राहणं त्यांना जमणार नाही. निकेतला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, आई माझ्या बाबतीत पण असंच करायची, शाळेत दिलेला डबा पुरतो का, ते मला नाही, माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराला विचारायची.

मीरा रोडचा हॉल मी जाऊन पाहून आलो. बंद हॉल आहे, वर एसी, मागे काचेची भिंत, पाचशे खुर्च्या. वीस मीटर केबल शेवटच्या रांगेपर्यंत पुरत नाही. तिथे ओळखीचं कोणी नाही. रविवार परवावर आलाय आणि मागे कोण बसणार, ते अजून ठरलेलं नाही.