‘मामा’ शब्दाचा खण

मित्रांनो, शब्दकोशाच्या कार्यालयातल्या कार्डांच्या कपाटाचा मी एक जुना खण आहे. लांबट, लाकडी, समोर पितळी कडी. मला घडवणाऱ्या सुताराने आत-बाहेर सरकवून पाहिले आणि म्हणाला, “हा कधी कुरकुरायचा नाही.” आजवर मी त्याचा शब्द राखला. आज कुरकुरणार आहे.

माझ्या वाट्याला एकच छोटा शब्द आला: मामा. तो मला ज्यांनी दिला, त्या कोशकारांचा सख्खा भाचा पुढे याच कार्यालयात लागला. तेव्हापासून सगळेच त्यांना मामा म्हणू लागले.

मामा प्रत्येक भाषेसाठी एक कार्ड लिहीत. आपल्याकडे हा आईचा भाऊ. रशियन, चिनी, स्वाहिली या भाषांत साक्षात आई. तुर्की भाषेत बाळाचे खाणे. आणि जॉर्जियनमध्ये चक्क बाप!

“मग तिथल्या आईला काय उरलं, मामा?” टंकलेखिका बाई विचारीत.

“तिला ‘देदा’ म्हणतात, बाई. काळजी नको.”

सर्वांत मागे मामांचे आवडते कार्ड होते. ओठ मिटून उघडले की बाळाच्या तोंडून सहज ‘मा’ निघतो. पाळण्यावर वाकलेली मोठी माणसे आपापल्या परीने त्याला अर्थ देतात. म्हणून हा शब्द एका गावाहून जगभर गेला असे मानायला नको. तो घरोघरी नव्याने जन्मत असावा. एवढे साधे वाक्य लिहायला मामांचे केस पिकले होते.

कार्यालयात एक रीत होती. कार्ड बाहेर काढले की त्याच्या जागी आपले नाव लिहून लाल कार्ड उभे करायचे. गेलेले परत येणार, ही त्याची हमी. साहेबसुद्धा ही रीत पाळत.

एके दिवशी भाच्याने विचारले, “मामा, तुमचा खण बघू का? व्याख्यान द्यायचंय.”

“विचारतोस काय? तुझाच आहे.”

भाचा बराच वेळ माझ्यापाशी उभा होता. मला वाटले, वारस मिळाला. त्याने तुर्की कार्ड काढले, जॉर्जियन काढले, मागचे आवडतेही काढले. लाल कार्ड एकही ठेवले नाही. फट दिसू नये म्हणून उरलेली कार्डे त्याने पुढे सारली.

व्याख्यान गाजले. हा शब्द आपल्याच भाषेतून साऱ्या जगात गेला, असे त्याने छातीठोक सांगितले. पुरावा कसला, तर मामांचा खण! वर्तमानपत्रात मामांचेही नाव छापून आले. ते वाचून मामा थेट माझ्याकडे आले. त्यांची बोटे कार्डांवरून फिरली आणि एका जागी थबकली.

“जॉर्जियन कुठंय?” त्यांनी भाच्याला विचारले.

“एका कार्डानं काय बिघडतं, मामा? सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं.”

“तिथे मामा म्हणजे बाप, हे तुला मीच दाखवलं होतं.”

“म्हणून तर काढलं.”

मामांनी आवाज चढवला नाही. “मला मामा बनवलंस, ते सोसलं असतं रे,” ते म्हणाले. “पण या खणावर विश्वास ठेवणाऱ्यांचं काय?”

मामांनी साहेबांना सारे सांगितले. साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हटले, “लोकांना आवडलंय. आता कशाला उकरून काढायचं?” कोशात भाच्याचीच नोंद जाणार, हे ठरले. मामांनी नोंदीखालचे आपले नाव स्वतः खोडले आणि टेबल आवरले.

जाण्यापूर्वी त्यांनी मला उघडले. पुढे सारलेली कार्डे मागे लोटून फट मोकळी केली. तिच्यात एक लाल कार्ड उभे केले. त्यावर भाच्याचे नाव लिहिले. मग कडीवरून हात फिरवून ते निघून गेले.

आता मी सामानाच्या खोलीत असतो. माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात. त्याचे दुःख नाही, मित्रांनो. लाकडाला जुने व्हावेच लागते. पण ज्या हातांना मी विश्वासाने उघडलो, त्यांनीच माझ्या तोंडून खोटे वदवले, हे जात नाही.

तुम्ही मला पुसू नका, तेल लावू नका. एवढेच करा: आपल्या म्हणण्याला अडचणीचे ठरते, म्हणून कुठलेच कार्ड काढू नका. आणि त्या भाच्याची कुठे गाठ पडली, तर सांगा त्याला: लाल कार्ड अजून उभे आहे.