निळ्या ड्रेसची कंबर

“नीट धर गं. ओढायची नाही आणि लोंबूही द्यायची नाही. जेवढं आहे तेवढं सांगू दे तिला.”

हा आवाज फार जुना, शिवणवर्गातल्या वयस्कर बाईंचा. त्यांनी मला नव्या डबीतून काढलं, एका लाजऱ्या मुलीच्या गळ्यात घातलं आणि एवढंच सांगितलं. मुलगी मान हलवून हसली, तेव्हा माझं पितळी टोक तिच्या बटणावर टिंग करून वाजलं.

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. माझा पिवळा रंग आता लिंबाच्या वाळक्या सालीसारखा झाला आहे. कडेचे काही आकडे बोटांनी पुसून नेले आहेत. पण एके काळी मी इतकी झळझळीत होते, की काय सांगू! सुती कापडाची लांबच लांब पट्टी, तिच्यावर गुळगुळीत रंग, रंगावर काळे आकडे आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या. कारखान्यात माझ्या शेकडो बहिणी होत्या. सगळ्या अगदी सारख्या लांबीच्या, त्यामुळे आमच्यात भांडणाला जागाच नव्हती.

ती लाजरी मुलगी पुढे सगळ्या गल्लीची शिवणमावशी झाली. लोखंडी सामानाच्या दुकानावर तिची खोली. रस्त्याकडे मोठी खिडकी, खिडकीपाशी मशीन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल. कोपऱ्यात इस्त्रीची मेज. त्या मेजेवर राज्य होतं तिच्या नणंदेचं. नणंदेची पन्नाशी उलटली होती, तरी घरात तिला सगळे बेबीच म्हणत. मावशीने बेतायचं, शिवायचं. बेबीने काजं करायची, बटणं लावायची, इस्त्री फिरवायची. दोघींची तोंडं मशीनपेक्षा जोरात चालायची.

“वहिनी, तुझी शिवण म्हणजे मुंग्यांची रांग बाई.”

“आणि तुझी बटणं म्हणजे लग्नाला आलेले पाहुणे. हवं तिथे बसतात.”

मग दोघी हसायच्या. मावशी पायाच्या तालावर काहीबाही गुणगुणायची. तिचं तिनेच जुळवलेलं असायचं:

सुई पुढं पुढं, दोरा तिच्या मागं
सांधताना बाई, नको धरू राग.

मी किती जणांना मिठी मारली, त्याला गणती नाही. बाळांच्या गुबगुबीत दंडांना, पैलवानांच्या छात्यांना, म्हाताऱ्यांच्या वाकलेल्या खांद्यांना. पोरं माप देताना पोट आत ओढून धरत. मावशी म्हणे, “सोड रे ते पोट. शिवून झाल्यावर श्वास कुठे ठेवशील? खिशात?” कपडा अंगावर बेतशीर बसला की माणसं आरशात स्वतःकडे बघून हसत. मावशीचं कौतुक करत. माझं कुणी केलं नाही. पण मी तिच्या गळ्यात असे, तिच्या श्वासाबरोबर वरखाली होत असे. मला तेवढं पुरे होतं.

मग एका वर्षी मी खिळ्याला लटकले, ती लटकलेच.

मावशीला अंडाशयाचा कर्करोग झाला होता. अंडाशय म्हणजे बाईच्या ओटीपोटातले दोन छोटे अवयव, बदामाएवढे. आधी मोठी शस्त्रक्रिया, मग सलाइनमधून द्यायची औषधं. मशीनवर चादर पडली. माझ्या अंगावर धूळ बसली. मावशीच्या लेकीने कॉलेज सोडून ते सबंध वर्ष आईच्या उशाशी काढलं. मी खिळ्यावरून रिकामी खोली बघत असे आणि वाटे, आता आपण गेलो केराच्या टोपलीत. लेकीने तर एक नवी टेपही आणून ठेवली होती. बटण दाबलं की गोगलगायीसारखी आपल्या घरात शिरणारी.

पण मावशी परत आली. डोक्याला रुमाल, गालांची हाडं वर आलेली, डोळे मात्र तेच. तिने गोगलगायीला टेबलाच्या खणात ठेवलं, मला झटकलं आणि गळ्यात घातलं. “चल गं,” म्हणाली, “पोरांच्या बँडचे कोट शिवायला आलेत.” लेकही दूरच्या गावी पुन्हा कॉलेजात गेली. तिला गाडीत बसवून आल्यावर मावशी बेबीला म्हणाली, “हिचं आणखी एक वर्ष मी खाणार नाही. काय वाट्टेल ते होवो.”

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा घोळ त्यातूनच झाला.

त्याच्या थोडं आधी ती उपचार संपल्यानंतरच्या तपासणीला गेली होती. घाईत मला गळ्यातून काढायचंच विसरली. तिथल्या सिस्टर हसल्या. “काय मावशी, आज माझं माप घेणार वाटतं?” बेबी खाली औषधांच्या रांगेत उभी होती. त्यामुळे पुढचं बोलणं फक्त मावशीने ऐकलं. आणि मी.

सिस्टर म्हणाल्या, “उपचार संपले, लक्ष ठेवणं संपलं नाही. या आजारात कधीकधी पोटात पाणी साठायला लागतं. पोट फुगतं, कपडे कमरेत घट्ट होतात. दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, मळमळतं. धाप लागते, आडवं झोपवत नाही. पाय सुजतात. अंग वाळतं आणि वजन मात्र वाढतं. यातलं काहीही सुरू झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. फोन करायचा. नुसता गॅस निघाला तर आपण दोघी मिळून हसू. पण गॅस आहे की पाणी, ते आम्ही तपासून ठरवायचं. तुम्ही घरी बसून नाही. आणि धाप फार लागली, ताप आला, पोट खूप दुखलं, उलट्या थांबेनात, तर फोनही करत बसू नका. सरळ निघून या.”

मावशीने “हो हो” म्हटलं. मला वाटलं, झालं, आता काळजी नाही.

कोटांचं काम जोरात सुरू झालं. लाल कापड, सोनेरी फीत, पोरांची रीघ. अशात एके सकाळी मावशीला निळा ड्रेस कमरेत अडकला. दुसरी कुणी असती तर थांबली असती. बोलली असती कुणाशी तरी, “अगं, हा घट्ट कसा झाला?” पण ही शिवणारी बाई. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. हिने दोन्ही बाजू उसवल्या, आतली माया बाहेर काढली, पुन्हा शिलाई मारली. ड्रेस झाला सैल. गोष्ट संपली. काही दिवसांनी तो पुन्हा आवळला, हिने पुन्हा उसवला. घट्ट कपडा काय सांगतो आहे, ते ऐकायच्या आतच तिचे हात त्याला गप्प करत होते.

आणि गंमत बघा, त्याच ड्रेसच्या बाह्या आणि खांदे तिला आत घ्यावे लागले, कारण दंड वाळत चालले होते. वर आत घ्यायचं, खाली सोडायचं. एकाच कपड्यात असं कधी करावं लागल्याचं मला आठवेना.

माणसं म्हणत, “मावशी, तब्येत सुधारली हं. पोट सुटलं.” मावशी हसून मान डोलवी. डबा मात्र अर्धा परत जाई. जिना चढताना मधल्या वळणावर ती थांबे आणि चपलेचा पट्टा नीट केल्यासारखं करी. पट्ट्याला काही झालेलं नसे; पाय सुजलेले असत. मी गळ्यात होते. तिचा श्वास माझ्याखाली तोकडा होताना मला कळत होता. मी पितळी टोक बटणावर वाजवून वाजवून थकले. टेपेला तोंड नसतं, मित्रांनो.

लेकीचा फोन येई. “आई, जेवतेस ना?” “अगं, जेवून जेवून फुगलेय,” मावशी म्हणे. आणि लेक तिकडून हसे.

शेवटी बोलली ती इस्त्री. बेबीने निळा ड्रेस मेजेवर पसरला, कमरेवर पाणी शिंपडलं, इस्त्री फिरवली आणि तिचा हात थांबला. जुनी शिलाई उसवली तरी सुईची भोकं मागे राहतात, इस्त्रीखाली ती ठिपक्यांसारखी उमटतात. कमरेला दोन्ही बाजूंनी ठिपक्यांच्या दोन-दोन रेघा होत्या. बेबीने खांदे उलटे करून पाहिले. तिथे कापड आत दुमडलेलं.

तिने इस्त्री उभी ठेवली. “वहिनी, हा ड्रेस कुणाचा?”

“माझाच की. डोळे तपासून घे.”

“डोळे ठीक आहेत. इकडे ये. हात वर कर.”

“बेबी, कोट पडलेत तिकडे.”

“कोट पळून जात नाहीत. हात वर.”

तिने माझं टोक धरून मला मावशीच्या कमरेभोवती फिरवलं. ओढलं नाही, सैल सोडलं नाही. मग आकडा पाहिला आणि पुन्हा पाहिला.

मावशी म्हणाली, “तिच्यावर काय जातेस? जुनी झालीय ती. ताणलीय.”

खोटं कशाला बोलू, मी ताणले आहे. वयाने सगळेच ताणतात. पण बेबीने माझी घडी करत हळूच म्हटलं, “ताणलेली टेप कमी दाखवते, वहिनी. जास्त दाखवत नाही. हे तूच मला शिकवलंस.”

मावशी कोटाची सोनेरी फीत उगाच सरळ करायला लागली. खाली दुकानात कुणीतरी पत्रा कापत होतं.

“सिस्टर काय म्हणाल्या होत्या तुला?” बेबीने विचारलं.

“काही नाही. तब्येत सांभाळा म्हणाल्या.”

“आणि?”

मावशी स्टुलावर बसली. बसतानाही तिला धाप लागली. “फोन केला तर ते बोलावणार. बोलावलं की पोरीला कळणार. कळलं की ती बॅग भरणार. मी सांगितलंय ना तुला, तिचं वर्ष…”

“तिच्या वर्षाचं ती बघेल. तू तुझा श्वास बघ. फोन मी लावते, बोलायचं तू. मी एक शब्द बोलणार नाही, आणि तू जागची उठलीस तर इस्त्री घेऊन दारात उभी राहीन.”

“बेबी, तू लहानपणापासून अशीच आडमुठी.”

“हो. लाव कानाला.”

मावशीने आधी थोडं आढेवेढे घेतले. “सिस्टर, जरा गॅससारखं वाटतंय,” म्हणाली. पलीकडून प्रश्न आला असावा, कारण तिने डोळे मिटले. मला मुठीत घट्ट धरलं. आणि मग एकेक करून सगळं सांगितलं: कमरेला उसवलेला ड्रेस, अर्धा डबा, जिन्याचं वळण, सुजलेले पाय, उशीवर उशी रचून काढलेल्या रात्री. शेवटपर्यंत थांबली नाही ती. अवघड कापड एकदा कातरीखाली घेतलं की ती मध्येच थांबत नसे, तसं.

“आत्ताच या,” सिस्टर म्हणाल्या.

सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. डॉक्टरांनी बारीक नळी घालून ते हळूहळू काढलं. मावशी पाठीवर टेकली आणि बऱ्याच दिवसांनी तिने खोल श्वास घेतला. मी बेबीच्या गळ्यात होते, बेबीनेही घेतला. पाणी का साठलं, ते तपासून पुढचे उपचार ठरवू, असं डॉक्टर म्हणाले. आजार परत आला असेल, हेही त्यांनी लपवलं नाही. मावशीने विचारलं, “कोट पुरे करू का?” ते म्हणाले, “बसून जमेल तेवढे करा. आणि असं पुन्हा झालं तर उसवत बसू नका.” मावशी हसली. हसताना पोटावर हात धरावा लागला तिला.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. मला नीट गुंडाळून ठेवा, उन्हात टाकू नका, ती वेगळी गोष्ट. पण तुमच्या घरात कुणी मोठ्या आजारातून उठलं असेल, तर त्यांच्या ताटाकडे बघा, त्यांच्या श्वासाकडे कान द्या, कपडे अचानक का बदलले ते विचारा. ‘काही नाही’ असं उत्तर आलं, तर पुन्हा विचारा. कंटाळू नका. ती माणसं हट्टी असतात. तुम्ही त्यांच्याहून हट्टी व्हा.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. बेबीने तो मावशीच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

“आई, कोट झाले का गं सगळे?”

मावशीने उशी पाठीशी सरकवली, ताठ बसली. “कोट राहू दे. माझ्या पोटात पाणी झालं होतं, आज काढलं. आजार परत आला असेल असं म्हणतात, तपासण्या चालल्यात. मला बरेच दिवस कळत होतं. तुझं वर्ष जाईल म्हणून मी तुझ्यापासून चोरलं. ये म्हणत नाही, येऊ नकोसही म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. मला भीती वाटते गं. आणि ती मी आता एकटी धरून बसणार नाही.”