पेडगावची काळी पाच

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. बाजाची पेटी म्हणजे हार्मोनियम, मित्रांनो. पण पेडगावात एवढ्या लांब नावानं मला कुणी हाक मारली नाही. सध्या माझा मुक्काम बसवंतरावांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांवर आहे. उंदीर सोडले तर चौकशीला कुणी येत नाही, आणि उंदरांचाही डोळा माझ्या भात्याच्या कातड्यावर आहे.

माझं अंग सागवानी. पोटात पितळेच्या जिभा. पट्टी दाबून भाता हलवला की हवा जिभेवरून जाते, जीभ थरथरते, तोच माझा सूर. महादेवाच्या देवळातल्या भजनी मंडळानं मला आणलं त्या दिवशी नारळ फुटला आणि कपाळ नसताना मला विभूती लागली. सगळ्या कौतुकात माझ्या वाट्याला आलेलं ते पहिलं आणि जवळजवळ शेवटचं. कारण वाहवा गाणाऱ्याच्या खात्यावर जमा होते, धूळ पेटीच्या.

मला वाजवायचे बसवंतराव. गायच्या त्यांच्या थोरल्या भावजय, नागुबाई. नागुबाईंचे मालक फार लवकर वारले. तेव्हापासून घरात त्या सर्वांत शेवटी जेवायच्या आणि लग्नकार्यात भिंतीला टेकून बसायच्या. पण सोमवारी भजनाला त्या माझ्यासमोर, पुरुषांच्याही पुढं बसायच्या. का? तर त्या काळी पाचवर गायच्या. डावीकडून मोजत गेलं की येणारी माझी ती पाचवी काळी पट्टी. एवढ्या चढ्या सुरात आसपासच्या गावात कुणाचा गळा जात नसे. चारठाण्याला शिवरात्रीला गेलो की लोक म्हणायचे, "सरका रे, पेडगावची काळी पाच आली." बाईचं नावच मुळी पट्टीवरून पडलं. माणसं जागा देतात ती अशी, एका पट्टीपुरती.

नामांतरावरून मराठवाडा पेटला त्या साली नागुबाईंना मुदतीचा ताप आला. उठल्या, पण गळा पहिल्यासारखा चढेना. श्रावण तोंडावर. देवळात तालमीला बसल्या आणि अंतऱ्यात आवाज फाटला.

"भाऊजी, काळी पाच सुटली तर मला पुढं कोण बसू दील?" त्या हळूच म्हणाल्या. "टाळ घेऊन खांबामागं जावं लागंल."

"तुमच्या आवाजाला काय बी झालं न्हाई, वैनी," बसवंतराव म्हणाले. "पेटीच चढलीय. पावसाळी हवा हाय. नांदेडला नेऊन उतरवून आणतो."

मी अजिबात चढले नव्हते. पण पेटीला कोण विचारतो?

नांदेडला जाणार कसे? गाड्या बंद, पूल तोडलेले. बौद्धवाड्यातली माणसं जीव मुठीत धरून बसली होती आणि आमच्या मंडळाला काळजी पेटीच्या सुराची. शेवटी दुपारी दुकान मिटून बसवंतरावांनी स्वतःच मला उघडलं आणि कानस घेतली. पितळेची जीभ टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. त्यांनी एकेक जीभ मुळाशी घासली.

सोमवारी नागुबाई गायल्या, आणि काय मोकळ्या गायल्या!

"बगा, म्या म्हणलं न्हवतं?" बसवंतराव म्हणाले. "पेटीच चढली हुती."

पुढं दर एक-दोन श्रावणांआड तेच. वय बाईचं वाढायचं, जिभा माझ्या झिजायच्या. होता होता माझी काळी पाच दाबली की आतून काळी चार बोलू लागली. नागुबाईंना पत्ता नाही. दुसरी कुठलीही पेटी माझ्याशेजारी ठेवू द्यायची नाही, हा बसवंतरावांचा नियम. लोक म्हणत, गडी तिरसट आहे.

पोखर्णीचा तबलजी भुजंग तेवढा कानाचा पक्का. एकदा हसत म्हणाला, "बसवंतराव, पेटी लय खाली बसायलीय तुमची. कंबर धरली काय हिची?"

"तुजा तबला उतरव गपचीप," बसवंतराव म्हणाले. "दुसऱ्याच्या म्हातारीची कंबर बगायला आलास व्हय?"

सगळे हसले. नागुबाई सर्वांत जास्त.

मग कॅसिओ आला, विजेवर वाजणारी पेटी. नागुबाईंचा मुलगा लिंगराज परभणीला मास्तर होता. आईच्या भजनांची कॅसेट भरावी, अशी त्याची हौस. पोरगा वाईट नव्हता, हे आधी लिहून ठेवते. श्रावणी सोमवारी संध्याकाळी देऊळ भरलेलं असताना त्यानं ते काळं चपटं यंत्र पेटीच्या जागी मांडलं. मला खांबाशी सरकवलं.

"लाइट गेली म्हंजे?" बसवंतरावांनी घाईनं विचारलं.

"सेल हाईत की, काका. भाता नको, दुरुस्ती नको. सूर हलायचं नाव न्हाई."

नेमकं हेच बसवंतरावांना नको होतं. ते चाचरत म्हणाले, "मग... काळी चारवरनं धर. नवी वस्तू हाय."

"का म्हणून?" नागुबाई तडकल्या. "म्या काय म्हातारी झाले? काळी पाच धर, लिंगू."

लिंगराजनं धरली. पहिल्या ओळीलाच नागुबाईंच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. अंतऱ्यात आवाज फाटला. पुन्हा धरलं, पुन्हा फाटला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"आपली पेटी आणा," नागुबाई म्हणाल्या.

मला आणलं. बसवंतरावांनी काळी पाच धरली आणि नागुबाई गायल्या, अगदी पहिल्यासारख्या. देवळानं मान डोलवली. मला वाटलं, निभावलं.

इतक्यात लिंगराजनं, आपलं सहज, कॅसिओची काळी पाच दाबली. दोन सूर एकमेकांवर असे घासले की तान्ही पोरं रडायला लागली.

"माय, पेटी खाली बोलायलीय," तो म्हणाला. "हिची काळी पाच म्हंजे काळी चार हाय. कवापासून हाय, काका?"

बसवंतरावांनी घाईनं भात्याची कडी लावली. नागुबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं.

"पेटी चढलीय म्हणला हुता तुमी, भाऊजी," त्या म्हणाल्या.

एवढंच. मग त्यांनी टाळ उचलला आणि खांबामागं जाऊन बसल्या. त्यानंतर त्या कधी गायल्या नाहीत. लिंगराजनं कॅसिओ काळी चारवर लावतो म्हणून विनवलं, पाया पडला. त्या म्हणाल्या, "लाव की. दुसरं कुणी गाईल."

बसवंतरावांनी महिनाभर माझ्या जिभा टोकाशी घासल्या, मला पुन्हा वर चढवायला. घासलेलं पितळ परत येत नसतं. जिभा कागदासारख्या झाल्या, आणि सर्वांत आधी मोडली काळी पाचची. विद्यापीठाला नाव मिळाल्याचे पेढे बौद्धवाड्यात वाटले गेले, त्याच आठवड्यात मला पोत्यांवर ठेवलं. दीर-भावजय आजही एकाच घरात राहतात. मीठ-मिरचीपुरतं बोलतात.

मित्रांनो, नवं जरूर आणा. माझं कॅसिओशी भांडण नाही. तो खरं तेच बोलला. पण जुन्याला नव्याशेजारी मांडून भर देवळात ताडून बघू नका. जुन्या सुरावर कुणाची बसायची जागा टिकून असते, ते बाहेरून दिसत नाही.

लिंगराज म्हणतो, दिवाळीला पेटी नांदेडला नेऊन दुरुस्त करतो. करा बापडे. फक्त काळी पाच तशीच राहू द्या. दुपारी दुकानात कुणी नसलं की नागुबाई पेंड काढायला आत येतात, ती पट्टी दाबून धरतात आणि भाता हलवतात. आतून नुसती हवा येते. त्या ऐकत उभ्या राहतात, मग पोत्याचं तोंड बांधून निघून जातात.