शकुबाईची आकडी

मी एक जुनी आकडी आहे, मित्रांनो. टोकाला वाकलेली लांब काठी. बाभळीची फांदी माझ्या टोकाने खाली ओढायची आणि बकऱ्यांना पाला खाऊ घालायचा. तिगावच्या शकुबाईने मला बोरीच्या फांदीतून कापलं, शेकलं, तेल पाजलं.

१९८० साली बिशप एडमंड तिगाव स्टेशनवर उतरले आणि त्यांची चांदीची काठी गाडीतून थेट इटारसीला गेली! ते तरुणपणीच इंग्लंडहून आलेले, आता केस पिकलेले. बिशप म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा मेंढपाळ, म्हणून उपासनेत वाकड्या टोकाची काठी हातात असावीच लागते. मंडळीतल्या शकुबाईने मला पुढे केलं. आठ दिवसांनी चांदीची काठी परत आली, पण ती पेटीतच राहिली आणि दौऱ्यावर निघाले मी! मला गर्व चढला, खोटं कशाला बोलू?

सहा वर्षं आम्ही सौंसर, लोधीखेडा पायी फिरलो. आजाऱ्याच्या खाटेला मला अडकवून ते तासन्‌तास बसत. एकदा त्यांनी वाटेवरच्या बागेतलं संत्रं माझ्या टोकाने ओढून काढलं आणि मग मालकाची परवानगी मागताना लाजून लाल झाले.

पुढे वय झालं. त्यांना कामातून मोकळं होऊन इंग्लंडला परतायचं होतं. निरोपाच्या उपासनेत बिशप आपली काठी वेदीवर ठेवतो आणि रिकाम्या हाताने बाहेर पडतो, अशी रीत. तिगावच्या चर्चमध्ये त्यांनीही मला वेदीवर ठेवलं. मंडळी रडत होती. मलाही फार वाईट वाटलं. ते लंगडत दाराशी पोचले, तेवढ्यात शकुबाई उठली आणि मला उचलून त्यांच्यामागे धावली.

"बाबा, काठी भुलून चालले तुमी! गुडघा दुखून राह्यला नं?"

पाळक मुकुंदराव दबक्या आवाजात म्हणाले, "शकुबाई, भुलले नाही ते. सोडली त्यायनं. आता ते बिशप नाहीत."

"नसन बिशप. पायऱ्या तर उतराच्या हायेत नं!"

इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी उभे असलेले बिशप तेव्हा रडले. माझा आधार घेऊन ते पायऱ्या उतरले. स्टेशनवर त्यांनी मला शकुबाईपुढे धरलं.

"तुझ्या बकऱ्यांना लागेल, बाई."

"बकऱ्यायले दुसरी केली मी."

म्हणून मी आज इंग्लंडात, त्यांच्या खुर्चीशी उभी आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही कामातून सुटलेलं म्हातारं माणूस असेल. हार घाला, भाषणं करा. पण पायऱ्या उतरताना त्याचा हात धरायला कोणी आहे का, तेवढं आधी बघा.