आतून बंद खोली

बँकेच्या हिशेबाने मी या महिन्याअखेर म्हातारा होणार होतो. कर्ज विभागातल्या बाईंनी ते अगदी गोड आवाजात सांगितलं. पंचेचाळीस पूर्ण झाली की कर्जाची मुदत कमी होते, मुदत कमी झाली की हप्ता वाढतो, आणि वाढलेला हप्ता आमच्या दोघांच्या पगारात काही केल्या बसत नाही. "तेव्हा वाढदिवसाच्या आत घर घेऊन टाका," त्या म्हणाल्या. जसं काही घर घेणं हे केस कापून घेण्यासारखं होतं आणि मी उगाच आळस करत होतो.

वास्तविक आम्ही दोन वर्षं घरं बघत होतो. सुरुवातीला आम्हाला पूर्वेची गॅलरी हवी होती. मग नुसती गॅलरी चालेल म्हणालो. शेवटी शेवटी, खिडकी उघडत असेल तर बघू, इथपर्यंत उतरलो. एका घराच्या झोपायच्या खोलीत मधोमध खांब होता. पलंग त्याच्या कुठल्याही बाजूला लावला तरी नवराबायकोत खांब आलाच असता. त्या घराला आम्ही "विचार करून कळवतो" म्हणालो, आणि लिफ्टने खाली पोचेपर्यंत ते विकलं गेलं. खांबासकट.

मी कुलपांच्या कारखान्यात आहे, तपासणी विभागात. बायको पाणी तापवायचे बंब करणाऱ्या कंपनीत तक्रार विभागात आहे. म्हणजे मी दिवसभर दोष काढतो आणि ती दिवसभर दोष ऐकून घेते. संसाराला ही वाटणी चांगली आहे. घरं बघायला मात्र अजिबात चांगली नाही. मी घरात शिरलो की पहिल्यांदा दारांच्या मुठी हलवून बघतो आणि तोंड वाकडं करतो, आणि ती घरमालकाला "तुमची अडचण मला समजते" म्हणून धीर देते. घरमालक खूश होऊन किंमत वाढवतो.

त्या रविवारी एजंटने आम्हाला जे घर दाखवलं ते तळमजल्यावरचं होतं. तीन खोल्या, मागे हातभर अंगण, खिडक्या उघडणाऱ्या. किंमत आमच्या आवाक्यातली. बायकोने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. दोन वर्षांत आम्ही एकच गोष्ट शिकलो होतो, ती म्हणजे परवडणाऱ्या घरात काहीतरी असतं.

"यात काय आहे?" मी एजंटला विचारलं.

"काही नाही, साहेब. डॉक्टर मॅडमना लवकर विकायचंय. दातांच्या डॉक्टर आहेत. दवाखाना मोठा करायचाय."

"आणि ही खोली?" तिसऱ्या खोलीचं दार बंद होतं.

"त्याचं असं आहे," एजंट म्हणाला. हा माणूस कशालाच 'नाही' म्हणायचा नाही, 'त्याचं असं आहे' म्हणायचा. "किल्ली मॅडमकडे राहिली. जुनं सामान आहे नुसतं. दुसऱ्या खोलीएवढीच खोली. ती बघितली म्हणजे ही बघितल्यासारखीच."

तो बायकोला अंगण दाखवायला घेऊन गेला. मी दारापाशी राहिलो. दाराला आमच्याच कारखान्याचं कुलूप होतं, मूठ असलेलं, आतून बटण दाबून बंद करायचं. हे मॉडेल आम्ही पुढे बंद केलं, कारण मूठ वर उचलून दार स्वतःकडे ओढलं की ते बाहेरून उघडायचं. हा दोष मीच शोधला होता. त्याबद्दल मला एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं.

मला खोली उघडायची नव्हती. पण डॉक्टर जसा लग्नातसुद्धा समोरच्याची जीभ बघतो, तसा माझा हात गेला. मूठ उचलली, दार ओढलं, ते उघडलं.

आत खुर्चीत एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. पायात मोजे, मांडीवर वर्तमानपत्र, हातात पेन्सिल.

"दार वाजवायची पद्धत आहे," ते म्हणाले.

"माफ करा. मला वाटलं, जुनं सामान आहे."

"तसं बरोबरच आहे म्हणा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कसं उघडलंत?"

मी सांगितलं. त्यांनी मला पुन्हा करून दाखवायला लावलं. मग स्वतः बाहेर येऊन दोनदा करून बघितलं. तेवढ्यात एजंट आणि बायको अंगणातून परत आले. एजंटचा चेहरा पडला.

"हे मॅडमचे मामा," तो म्हणाला. "त्याचं असं आहे..."

"त्याचं कसं आहे ते मी सांगतो," मामा म्हणाले. "तू जरा बाहेर फोनवर बोलून ये."

मामांनी जे सांगितलं ते फार लांबलचक नव्हतं. घर त्यांच्या बहिणीचं, आता भाचीच्या नावावर. भाचीला ते विकायचं होतं आणि त्यांची त्याला हरकत नव्हती. तिने त्यांच्यासाठी वृद्धाश्रमात जागा बघितली होती. हरकत त्या जागेला होती.

"मी तीस वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो," मामा म्हणाले. "सकाळी घंटा, आठला नाश्ता, दहाला दिवे बंद. हे मी दुसऱ्यांना करायला लावलं. आता मला कोणीतरी करायला लावणार. एवढा सूड कशाला?"

"मग दुसरं घर भाड्याने?" बायकोने विचारलं.

"बघितली की. सगळीकडे आधी माझं वय बघतात, मग मला घर बघू देतात. एकट्या म्हाताऱ्याला घर द्यायचं म्हणजे पुढेमागे तिरडीची सोय मालकाने करायची, असं त्यांना वाटतं. म्हणून गिऱ्हाईक आलं की मी आतून बंद करून बसतो. तीनातली एक खोली बघायला मिळाली नाही की माणसाच्या मनात शंका येते. तो निघून जातो. भाची किंमत कमी करते, मी पुढचं कोडं सोडवायला घेतो."

बायकोने एकदा खिडकीतून अंगणाकडे बघितलं. मग म्हणाली, "आम्ही हे घर घेतलं तर आमचं भाड्याचं घर रिकामं होईल."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. नऊ वर्षं आम्ही त्या घराला शिव्या घालत होतो. पण आमचे घरमालक दुसऱ्या गावी असतात आणि त्यांच्या भाडेकरूकडून दोनच अपेक्षा आहेत: भाडं वेळेवर यावं आणि फोन येऊ नये. त्याच दिवशी त्यांना विचारलं. "तुमच्या ओळखीचे आहेत ना? मग कितीही वयाचे असोत," म्हणाले आणि फोन ठेवला.

मामा बुधवारी घर बघायला यायचे होते. मंगळवारी आम्ही आमच्या घराकडे पहिल्यांदा विकणाऱ्याच्या नजरेने बघितलं.

"ही भिंत?" मी म्हणालो. पावसात ती भिंत ओल धरते. त्यावर दर वर्षी नवा नकाशा उमटतो.

"कपाट सरकव."

"आणि ही फरशी?" स्वयंपाकघरासमोरची एक फरशी पोकळ आहे, पाय पडला की डुगडुगते.

"पायपुसणं टाक."

"आपण त्या म्हाताऱ्याला फसवतोय."

"फसवत नाही. दाखवतोय," ती म्हणाली. "आपल्याला दोन वर्षं जसं दाखवलं ना, तसं."

मामा वेळेवर आले. आल्या आल्या त्यांनी दारात चपला काढल्या, मागे हात बांधले आणि फेरी सुरू केली. आम्ही मागोमाग. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या खोल्या तपासल्या आहेत, तेही तिथे राहणारी माणसं लपवाछपवी करत असताना.

पण त्यांनी कपाटाकडे बघितलंच नाही. ते आमच्याकडेच बघत होते.

बायको त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली. जाताना तिने पायपुसणं ओलांडलं. ती पाणी घेऊन आली तेव्हाही ओलांडलं. मी न्हाणीघर दाखवायला गेलो आणि दाराला कमरेने धक्का दिला, कारण ते हाताने उघडत नाही. नळ दाखवताना आधी वर उचलला, मग फिरवला. स्वयंपाकघरात शिरताना आम्ही दोघांनी एकदमच मान खाली घातली, कारण तिथला माळा डोक्याला लागतो. मामा माझ्यापेक्षा वीतभर बुटके. त्यांना मान खाली घालायची गरज नव्हती, तरी त्यांनी घातली.

घराचे दोष आम्ही मंगळवारी झाकले होते. घरात कसं चालायचं ते मात्र नऊ वर्षांत अंगात मुरलेलं होतं, आणि त्यावर पायपुसणं टाकता येत नव्हतं.

मामांनी पायाने पायपुसणं बाजूला केलं. फरशीवर पाय दिला. डुगडुगली.

"मुलं गादीखाली काहीतरी ठेवायची ना," ते म्हणाले, "तेव्हा त्या गादीवर कोणी बसायचं नाही. सगळे उभे. मी आपला जाऊन तिथेच बसायचो." मग ते खुर्चीत बसले आणि बायकोला म्हणाले, "आता सांगा. काय काय तक्रारी आहेत घराबद्दल?"

मला वाटलं, ती तिच्या कंपनीच्या आवाजात काहीतरी गोड बोलेल. पण बारा वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला कोणी तक्रार विचारली नव्हती. मीही नाही. तिने फरशीपासून सुरुवात केली. मग भिंत, दार, नळ, माळा. वरच्या मजल्यावरचा माणूस पहाटे खुर्च्या सरकवतो, ते. उन्हाळ्यात दुपारनंतर पाण्याचा जोर जातो, ते. दारावरची घंटा कधी वाजते कधी वाजत नाही, त्यामुळे नणंदबाई एकदा अर्धा तास बाहेर उभ्या होत्या, ते. ही तक्रार होती की नाही हे मला नीट कळलं नाही. ती बोलत होती आणि मी मनातल्या मनात ते तळमजल्यावरचं घर, अंगण, उघडणाऱ्या खिडक्या, सगळ्यांना निरोप देत होतो.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली. तिचा चेहरा ताप उतरल्यासारखा दिसत होता.

"वृद्धाश्रमाच्या बाईंनी मला सांगितलं, आमच्याकडे तक्रारीला जागाच नाही. मी म्हटलं, मग दिवसभर बोलायचं काय?" ते उठले. "घेतो हे. वाचनालय जवळ आहे, आणि वरच्याला खुर्च्यांबद्दल काय सांगायचं ते मला चांगलं माहीत आहे."

त्या रात्री आम्ही घर मिळाल्याच्या आनंदात झोपलो. सकाळी एजंटचा फोन आला.

"साहेब, अभिनंदन. तुम्ही मॅडमचं मोठंच काम केलंत. मामा जायला तयार झाले. आता तिन्ही खोल्या मोकळ्या मिळणार म्हटल्यावर, त्याचं असं आहे, किंमत जरा बाजाराप्रमाणे होईल."

बाजाराप्रमाणे म्हणजे आमच्या आवाक्याबाहेर. ज्या एका दोषामुळे ते घर आम्हाला परवडत होतं, तो दोष आम्ही स्वतः मेहनत करून, पायपुसणी घालून, फुकटात दूर केला होता. चौदा वर्षांच्या नोकरीत मी इतकं चोख काम केलेलं नव्हतं. वाढदिवसाला आठवडा उरला होता.

बायकोने अर्धा दिवस रजा टाकली आणि आम्ही डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जाऊन बसलो. समोर तोंड धरून बसलेल्या दोन माणसांनंतर आमचा नंबर लागला. बाई चाळिशीच्या, थकलेल्या, हातमोजे काढत बोलणाऱ्या.

"मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या, "पण दुसरं गिऱ्हाईक जास्त देतंय. मीही कर्जातच आहे. दवाखान्याची जागा भाड्याची आहे माझी."

"तुमची अडचण मला समजते," बायको म्हणाली. हा तो आवाज होता. या आवाजापुढे बंब फुटलेली माणसंसुद्धा शांत होतात. "फक्त एक बघा. मामा आमच्या घरात जाणार, म्हणजे आम्ही ते रिकामं केल्यावर. आम्ही ते रिकामं करणार, तुमचं घर घेतल्यावर. दुसऱ्याने तुमचं घर घेतलं, तर आम्ही आहोत तिथेच आहोत. मग मामाही आहेत तिथेच."

बाई हातमोजा अर्धा काढलेल्या अवस्थेत थांबल्या.

"त्यांना दुसरं घर बघता येईल."

"बघितली त्यांनी. वय विचारतात."

"मी त्यांना..." बाईंनी वाक्य सोडून दिलं. खुर्चीवरचा मोठा दिवा बंद केला. मी तोंड उघडणार होतो, बायकोने माझ्या पायावर पाय ठेवला.

"जुन्याच किमतीला," बाई शेवटी म्हणाल्या. "पण या आठवड्यात व्हायला हवं."

"आम्हालाही," मी म्हणालो.

त्यांनी दुसरा हातमोजा काढला, टोपलीत टाकला, आणि मग आमच्याकडे न बघता विचारलं, "तिथे तो बरा राहील ना? मला त्याने ते घर दाखवलंच नाही. आवडलं एवढंच म्हणाला. आई गेल्यापासून त्याला काही आवडलं असं मी ऐकलं नव्हतं."

बायकोने उत्तर दिलं, तेव्हा तो कंपनीचा आवाज नव्हता.

"पावसात मधली भिंत ओल धरते. त्यांचा पलंग त्या भिंतीला लावू देऊ नका. आणि पहिले काही दिवस संध्याकाळी चक्कर मारा. दारावरची घंटा वाजली नाही तर खिडकीवर टकटक करा, ऐकू जातं."

डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहायची चिठ्ठी ओढली आणि त्यावर एकाखाली एक लिहून घेतलं. मग ती चिठ्ठी खिशात ठेवून बाहेरच्या मुलीला सांगितलं, पुढच्या पेशंटला पाच मिनिटं बसायला सांग.