मर रोगाच्या शेतातलं कलिंगड

लोरीन हॅथकॉकने कलिंगडाची फोड दाताखाली घेतली, दोनदा चावली आणि थुंकली. कडू. वहीत फुली मारून ती पुढच्या वेलाकडे वळली. सकाळपासूनची ही एकशेबारावी फोड. जीभ बधिर होऊ नये म्हणून ती मधूनमधून मक्याच्या पावाचा कोरडा तुकडा चघळत होती.

बांधावर एसा प्रूइट येऊन उभे राहिले. जॉर्जियातल्या त्या शेती संशोधन केंद्राचे ते प्रमुख. चार वर्षांपूर्वी लोरीनची नेमणूक होऊ नये म्हणून त्यांनी वरती तीन पत्रं धाडली होती.

"उद्या इथे नांगर फिरणार, लोरीनबाई."

"सहाशे वेल चाखायचे राहिलेत."

"चाखा की. नांगराच्या पुढे पळत चाखा."

तिने सुरी पुसली. त्या शेताची माती मुद्दाम रोगट ठेवलेली होती. मर रोगाने गोड कलिंगडाचे वेल तिथे उभे वाळत. रानटी कलिंगड मात्र रोगाला दाद देत नसे, म्हणून त्याचं रोग थोपवणारं जनुक गोड जातीत आणायचा तिचा खटाटोप होता. पण कडवटपणाचं जनुकही त्याच गुणसूत्रावर, अगदी खेटून बसलेलं. जगला तो प्रत्येक वेल कडूच निघे.

"देवाने लावलेली जोडी आहे ती," प्रूइट म्हणाले. "तुम्ही काडीमोड करायला बसलात."

"पराग आणि बीजांड तयार होताना जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात, तुटतात आणि तुकडे बदलून घेतात. तुटायची जागा या दोन जनुकांच्या मधे यायला हवी. एकदाच आली तरी पुरे."

"चार वर्षांत आली नाही."

"जागा अरुंद आहे."

तिने पुढचं फळ कापलं, फोड तोंडात टाकली, आणि तिचा जबडा थांबला. तिने घास गिळला. पाव चघळून पुन्हा मधली फोड खाल्ली. मग एक मोठी फोड प्रूइटांसमोर धरली.

ते एकेक बी मातीत थुंकत सावकाश खात राहिले. सालीपर्यंत आल्यावर त्यांनी मिशी पुसली.

"गोड आहे. म्हणूनच विचारतो, हा वेल कुठून आणून लावलात?"

लोरीनची कानशिलं तापली. "काय म्हणालात?"

"चार वर्षं हात रिकामे आणि नांगराच्या आदल्या दिवशी गोड फळ. आम्ही काय काल जन्मलो?"

"एक फांदी कापून बघा. रोग असला तर आत तपकिरी कडं दिसेल."

प्रूइट वाकले. त्यांनी फांदी नाही, बुडखाच धरला. ती "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी हिसका दिला होता. हातभर लांब सोटमूळ तांबड्या मातीतून वर आलं. वेलावरची दोन कोवळी फळं देठातून तुटून घरंगळली. इतकं खोल मूळ काल-परवा लावलेल्या रोपाला नसतं, हे त्यांनाही कळत होतं. तरी त्यांनी चाकूने खोड तिरकं कापलं. आत पांढरं, स्वच्छ. आणखी खाली कापलं. तिथेही स्वच्छ.

बराच वेळ ते तो तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"फळात बिया किती असतील?"

"दोनशेच्या आसपास." तिने कापलेलं कलिंगड छातीशी धरलं होतं. रस झग्यावर उतरत होता. "ती दोन पिकली असती, तर तिप्पट."

प्रूइटांनी टोपी काढून उलटी ठेवली आणि गुडघे टेकले. मघाशी थुंकलेल्या बिया ते मातीतून वेचू लागले. एकेक बी बाहीला पुसून टोपीत टाकत होते. लोरीन उभीच राहिली, मदतीला वाकली नाही.

"अकरा," ते शेवटी म्हणाले आणि उठायला हात टेकला.

"चौदा थुंकल्यात तुम्ही," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. उचललेला गुडघा पुन्हा टेकला आणि बोटं मातीत घातली.